विश्लेषण : होमी भाभांनी अणुविजेचा आग्रह का धरला? त्यांचे गणित कुठे टिकले, कुठे चुकले?

हिरोशिमावर अणुबॉम्ब पडायला अजून जवळपास १७ महिने बाकी होते. १२ मार्च १९४४ रोजी बेंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम करणाऱ्या ३४ वर्षांच्या एका भौतिकशास्त्रज्ञाने सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र पाठवले. मूलभूत भौतिकशास्त्राच्या संशोधनासाठी मुंबईत संस्था हवी, अशी त्यात मागणी होती. काही दशकांत अणूपासून वीज तयार होऊ लागेल, तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये. ते देशातच तयार असावेत, असे कारण त्यात दिले होते. पत्र लिहिणारे होते होमी जहांगीर भाभा. त्यानंतर अवघ्या २२ वर्षांत त्यांनी देशाचा अणुऊर्जा कार्यक्रम उभा केला आणि त्याच्या भवितव्याबद्दल मोठमोठे आकडेही जाहीर केले. केंद्र सरकारने २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुविजेचे उद्दिष्ट ठेवले असताना, भाभांचा मूळ युक्तिवाद काय होता आणि त्यातले काय प्रत्यक्षात आले, हे पाहणे उद्बोधक ठरते.

इंजिनीअर होण्यासाठी गेलेला विद्यार्थी

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील सुस्थितीतल्या पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर हे वकील. आत्या मेहेरबाई यांचा विवाह दोराबजी टाटांशी झालेला. त्यामुळे पोलाद आणि वीज या दोन्ही उद्योगांची चर्चा घरातच कानावर पडत असे. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले आणि सह्याद्रीतल्या पाण्यावर तयार झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली, तेव्हा भाभा पाच-सहा वर्षांचे होते.

कॅथेड्रल शाळा, एल्फिन्स्टन महाविद्यालय आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असा प्रवास करून ते १९२७ मध्ये केंब्रिजला गेले. मेकॅनिकल इंजिनीअरिंग करून मुलाने जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, ही घरच्यांची इच्छा होती. मुलाचे मन मात्र भौतिकशास्त्रात रमले होते. आधी इंजिनीअरिंगमध्ये पहिला वर्ग मिळव, मग गणित शिकण्याचा खर्च उचलतो, अशी तडजोड वडिलांनी सुचवली. भाभांनी १९३० मध्ये पहिला वर्ग मिळवला आणि १९३२ मध्ये गणितातही तेच करून दाखवले.

तो काळ अणुविज्ञानाच्या दृष्टीने विलक्षण होता. रदरफोर्ड यांच्या नेतृत्वाखालील कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत १९३२ मध्येच न्यूट्रॉनचा शोध लागला. भाभांनी वैश्विक किरणांचा विषय निवडला. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून विखुरतात, त्याचे त्यांनी मांडलेले गणित आजही भाभा विकिरण म्हणून शिकवले जाते. वॉल्टर हाइटलर यांच्यासोबत त्यांनी १९३७ मध्ये वैश्विक किरणांच्या वर्षावाचा सिद्धांत मांडला. याच वर्षांत झालेल्या ओळखी पुढे देशाच्या कामी आल्या. ब्रिटनच्या अणुकार्यक्रमात महत्त्वाचे स्थान मिळवणारे जॉन कॉकक्रॉफ्ट आणि कॅनडाच्या अणुसंशोधनाचे नेतृत्व करणारे डब्ल्यू. बी. लुईस हे दोघेही केंब्रिजच्याच वर्तुळातले.

सुट्टीवर आले आणि इथेच राहिले

भाभा १९३९ मध्ये सुट्टीसाठी भारतात आले असताना दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि परतीचा मार्ग बंद झाला. सी. व्ही. रामन यांच्या विभागात, बेंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत ते रुजू झाले. वयाच्या ३१ व्या वर्षी, १९४१ मध्ये, ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. युद्ध संपल्यावर परदेशात चांगले पद मिळणे त्यांना अवघड नव्हते. मात्र आपल्या देशात काम करायला योग्य संस्था नाहीत, तर त्या उभ्या करणे हे आपलेच काम आहे, या निष्कर्षाला ते याच वर्षांत आले. ट्रस्टला लिहिलेले पत्र हा त्याचाच परिणाम होता.

ट्रस्टने होकार दिला. टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे आजची टीआयएफआर, १९४५ मध्ये आधी बेंगळूरुत आणि वर्षअखेरीस मुंबईत पेडर रोडवरील ‘केनिलवर्थ’ या बंगल्यात सुरू झाली. नंतर गेट वेजवळील जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत आणि शेवटी कुलाब्याच्या टोकाला समुद्रालगत ती स्थिरावली. आधी माणसे शोधायची आणि मग त्यांच्याभोवती विभाग वाढवायचे, ही भाभांची पद्धत इथे रुजली. संस्थेच्या भिंतींवर समकालीन भारतीय चित्रकारांची चित्रे लागली, कारण भाभा स्वतः उत्तम चित्रे काढत आणि पाश्चात्त्य संगीताचे जाणकार होते. मुख्य म्हणजे, अणुकार्यक्रमाची पहिली फळी याच संस्थेत तयार झाली.

अणूच का? १३६२ मेगावॅटचा देश

स्वातंत्र्याच्या वेळी संपूर्ण भारताची वीजनिर्मितीची स्थापित क्षमता होती केवळ १३६२ मेगावॅट. आज एखादे मोठे औष्णिक केंद्र एकटे याहून अधिक क्षमतेचे असते. शेतीपंप, कारखाने, रेल्वे, शहरे या सगळ्यांसाठी वीज हवी होती आणि ती कुठून आणायची, हा प्रश्न होता.

भाभांचा युक्तिवाद इथून सुरू होतो. विकसित देशांत दरडोई जेवढी ऊर्जा वापरली जाते, तेवढी भारतातील प्रत्येकाला द्यायची झाली तर देशातील कोळसा फार काळ पुरणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. नद्यांवरील जलविद्युतही मर्यादित. शिवाय कोळसा बिहार-बंगालच्या पट्ट्यात एकवटलेला आणि कारखाने मुंबई-अहमदाबादकडे. रेल्वेच्या वाघिणींतून दीड हजार किलोमीटरहून अधिक अंतर कोळसा वाहून आणायचा, तर वाहतुकीचाच खर्च डोईजड होतो.

अणुइंधनाचे तसे नाही. एक किलो युरेनियम-२३५ पूर्णपणे विखंडित झाले तर त्यातून अंदाजे तीन हजार टन चांगल्या कोळशाइतकी उष्णता मिळते. म्हणजे वीजकेंद्र खाणीजवळ असण्याची गरज उरत नाही. थंड करण्यासाठी पाणी आणि विजेला गिऱ्हाईक जवळ असले की पुरे. त्यामुळे जगात अणुवीज कोळशापेक्षा महाग ठरली, तरी खाणींपासून दूरच्या भारतीय प्रदेशात ती परवडू शकते, असे भाभा मांडत. पुढे पर्यावरणाच्या चिंतेतून अणुविजेची बाजू घेतली जाऊ लागली. भाभांच्या काळात कार्बन उत्सर्जन हा मुद्दाच नव्हता. त्यांचा मुद्दा टंचाईचा आणि अंतराचा होता.

आयोग मुंबईत, थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत

१९४८ मध्ये अणुऊर्जा कायदा झाला आणि त्याच वर्षी १० ऑगस्टला अणुऊर्जा आयोग स्थापन झाला. भाभा अध्यक्ष, के. एस. कृष्णन आणि शांतिस्वरूप भटनागर सदस्य. ३ ऑगस्ट १९५४ रोजी स्वतंत्र अणुऊर्जा विभाग झाला आणि भाभाच त्याचे सचिव झाले. हा विभाग थेट पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंच्या अखत्यारीत होता. केंद्र सरकारचा विभाग असूनही त्याचे मुख्यालय दिल्लीत नव्हे, मुंबईत होते. आयोग, विभाग आणि ट्रॉम्बेची प्रयोगशाळा या तिन्हींची सूत्रे एकाच व्यक्तीकडे असल्याने फायलींचा प्रवास लहान झाला आणि निर्णय झपाट्याने होऊ लागले.

याची दुसरी बाजूही होती. १९४८ च्या कायद्यातील गोपनीयतेच्या तरतुदींवर संविधान सभेतच प्रश्न उपस्थित झाले होते. वीज तयार करण्याच्या कार्यक्रमाला इतकी गुप्तता कशाला, हा तो प्रश्न. तो पुढेही अनेकदा विचारला गेला.

ट्रॉम्बेत काय घडले?

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, ट्रॉम्बेच्या टेकड्या आणि खाडी यांच्यामधल्या पट्ट्यात जानेवारी १९५४ मध्ये अणुऊर्जा प्रतिष्ठानाची सुरुवात झाली. तिथली पहिली अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली. एक मेगावॅट क्षमतेची ही संशोधन अणुभट्टी पाण्याच्या तलावात बसवलेली होती. इंधन ब्रिटनने पुरवले, पण रचना आणि बांधणी भारतीय अभियंत्यांची. पाण्यातून दिसणाऱ्या निळसर प्रकाशावरून नेहरूंनी तिला ‘अप्सरा’ हे नाव दिले. सोव्हिएत संघ वगळता आशियातील ही पहिली अणुभट्टी होती.

त्यानंतर १९६० मध्ये कॅनडाच्या मदतीने ४० मेगावॅटची ‘सायरस’ आणि १९६१ मध्ये ‘झर्लिना’ सुरू झाली. अणुइंधनासाठी लागणारा युरेनियम धातू ट्रॉम्बेत तयार होऊ लागला. वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे काढणारा प्रकल्प १९६४ मध्ये उभा राहिला.

मात्र या सर्वांइतकीच महत्त्वाची ठरली १९५७ मध्ये सुरू झालेली प्रशिक्षण शाळा. विज्ञान आणि अभियांत्रिकीचे पदवीधर निवडायचे, त्यांना वर्षभर अणुविज्ञानाचे धडे द्यायचे आणि थेट कामाला लावायचे, अशी ती योजना. इंजिनीअरला भौतिकशास्त्र आणि भौतिकशास्त्रज्ञाला अभियांत्रिकी शिकवणारी ही शाळा आजही सुरू आहे. अणुऊर्जा विभागाचे अनेक प्रमुख तिथूनच घडले.

भाभांच्या कामाचा परीघ अणुभट्ट्यांपुरता नव्हता. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे आले. कर्करोगावरील किरणोपचारांचा अणुविज्ञानाशी संबंध आहे, हे त्यामागचे सूत्र. विक्रम साराभाई यांच्या अध्यक्षतेखालील अंतराळ संशोधन समितीही याच विभागाच्या छत्राखाली सुरू झाली आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळमधील थुंबा येथून पहिले रॉकेट उडाले.

तीन टप्प्यांचा कार्यक्रम म्हणजे काय?

भाभांच्या नावाशी कायम जोडली गेलेली संकल्पना म्हणजे तीन टप्प्यांचा अणुऊर्जा कार्यक्रम. तो १९५४ पासून आकार घेऊ लागला. भारताकडे युरेनियम कमी आणि थोरियम भरपूर, ही वस्तुस्थिती त्याच्या मुळाशी आहे. केरळ, तमिळनाडू, ओडिशा या किनारी राज्यांच्या वाळूत मोनाझाइट नावाचे खनिज आढळते आणि त्यात थोरियम असते. अडचण एकच, थोरियम थेट जळत नाही. म्हणजे त्याच्या अणूचे विखंडन होऊन साखळी अभिक्रिया आपोआप चालत नाही. त्याला आधी न्यूट्रॉनच्या माऱ्याने युरेनियम-२३३ मध्ये बदलावे लागते. चुलीतली ओली लाकडे पेटवायला आधी सुकी ढलपी लागतात, तसा हा प्रकार.

ही ‘सुकी ढलपी’ मिळवायची कशी, याचे उत्तर म्हणजे तीन टप्पे :

पहिला टप्पा : खाणीतून निघालेल्या एक हजार किलो युरेनियममध्ये सहज विखंडन होणारे युरेनियम-२३५ जेमतेम सात किलो असते. उरलेले जवळपास सगळे युरेनियम-२३८. असे नैसर्गिक युरेनियम जड पाण्याच्या अणुभट्टीत वापरायचे. त्यातून वीज मिळते आणि युरेनियम-२३८ च्या काही भागाचे प्लुटोनियम होते.

दुसरा टप्पा : हे प्लुटोनियम वेगळे काढून ते ‘फास्ट ब्रीडर’ म्हणजे जलद प्रजनक अणुभट्टीत वापरायचे. ही अणुभट्टी वीज देता देता जितके इंधन वापरते, त्याहून अधिक नवे इंधन तयार करू शकते. पुरेसा साठा झाला की तिच्याभोवती थोरियम ठेवून युरेनियम-२३३ मिळवायचे.

तिसरा टप्पा : थोरियम आणि युरेनियम-२३३ यांवर चालणाऱ्या अणुभट्ट्या. इथे पोहोचल्यावर आयात इंधनावरचे अवलंबित्व संपते आणि देशातील साठा दीर्घकाळ पुरतो.

या आखणीचे बलस्थान म्हणजे, तिची सुरुवात जवळ काय आहे इथून होते. मेख अशी की, टप्पे एकमेकांवर अवलंबून आहेत. पहिल्या टप्प्यात पुरेशा अणुभट्ट्या चालल्याशिवाय पुरेसे प्लुटोनियम जमत नाही. ते जमल्याशिवाय दुसरा टप्पा पसरत नाही आणि दुसरा पसरल्याशिवाय तिसऱ्याला इंधनच मिळत नाही. पहिल्या टप्प्यातील दिरंगाई त्यामुळे पुढच्या दोन्ही टप्प्यांना लागू होते.

मग तारापूर वेगळे का निघाले?

नैसर्गिक युरेनियमचा आग्रह धरणाऱ्या भाभांनी देशातील पहिल्या अणुवीज केंद्रासाठी मात्र समृद्ध युरेनियमवर चालणाऱ्या अमेरिकी अणुभट्ट्या स्वीकारल्या. त्या वेळच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातील तारापूर ही जागा त्यांच्या अंतराच्या युक्तिवादात नेमकी बसत होती. मुंबई आणि गुजरातचे कारखाने जवळ, थंड करण्यासाठी समुद्राचे पाणी आणि कोळसा खाणी दूर. ४२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र पूर्ण क्षमतेने चालवायचे तर रोज पाच हजार टनांहून अधिक कोळसा लागतो. अणुवीज केंद्राचे वर्षभराचे इंधन काही ट्रकमध्ये मावते.

जागतिक निविदा मागवल्यावर अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीचा प्रस्ताव स्वस्त ठरला. अमेरिकेशी १९६३ मध्ये करार झाला. मोठ्या क्षमतेचे अणुवीज केंद्र भारतात चालू शकते, हे लवकर सिद्ध करून दाखवणे भाभांना महत्त्वाचे वाटत होते. त्याच वेळी राजस्थानात कॅनडाच्या मदतीने जड पाण्याच्या अणुभट्ट्यांची तयारी सुरू झाली आणि मूळ कार्यक्रमाचा धागा तिथे सांधला गेला. तारापूरचे केंद्र ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यावसायिक उत्पादन करू लागले. ते पाहायला भाभा नव्हते.

विरोध कोणी केला?

भाभांना नेहरूंचा भक्कम पाठिंबा होता, पण वैज्ञानिकांत एकमत नव्हते. खगोलभौतिकशास्त्रज्ञ आणि लोकसभा सदस्य मेघनाद साहा यांनी मे १९५४ मध्ये संसदेत अणुऊर्जा धोरणावर कठोर प्रश्न विचारले. संशोधन एका आयोगाच्या कुंपणात न ठेवता विद्यापीठांत वाढवावे, गोपनीयता कमी करावी, असे त्यांचे म्हणणे होते. प्रतिभावान माणसे विद्यापीठांतून निघून विभागाच्या प्रयोगशाळांत जातील ही त्यांची भीती अनाठायी नव्हती.

दुसरे टीकाकार भाभांच्या संस्थेतच होते. मूळचे गोव्याचे गणिती आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी १९४५ पासून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक होते. पुण्याहून डेक्कन क्वीनने ते मुंबईला ये-जा करत. भारतासारख्या देशात ऊन मुबलक आणि सर्वत्र आहे. खर्चीक, केंद्रित आणि शस्त्रांशी जोडलेल्या अणुऊर्जेऐवजी सौरऊर्जेच्या संशोधनावर पैसा खर्च करावा, अशी त्यांची भूमिका होती. दोघांतील अंतर वाढत गेले आणि १९६२ मध्ये कोसंबींच्या कराराचे नूतनीकरण झाले नाही.

त्या काळात सौर विजेचे तंत्रज्ञान अतिशय महाग आणि बाल्यावस्थेत होते. त्यामुळे तातडीच्या गरजेसाठी भाभांची निवड समजण्यासारखी होती. पण संशोधनाचा सगळा भर एकाच बाजूला टाकू नये, हा कोसंबींचा मुद्दा काळाने खोडून काढलेला नाही.

वीज की बॉम्ब?

ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हात अणुऊर्जेच्या शांततामय वापरावर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिचे अध्यक्ष भाभा होते. जगापुढे भारताची प्रतिमा वीज आणि विकासासाठी अणू वापरणारा देश अशी उभी राहिली. मात्र आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची घटना ठरत असताना, भारतात तयार होणाऱ्या प्लुटोनियमवर बाहेरच्यांचे कडक नियंत्रण नको, यासाठी भाभा ठाम राहिले. हेच प्लुटोनियम दुसऱ्या टप्प्याचे इंधन होते, हे खरे. त्यापासून बॉम्बही करता येतो, हेही तितकेच खरे.

ऑक्टोबर १९६४ मध्ये चीनने अणुचाचणी केल्यावर भाभांनी आकाशवाणीवरील भाषणात अण्वस्त्रांच्या खर्चाचा हिशेब मांडला. त्यानंतर पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी शांततामय भूमिगत स्फोटाच्या अभ्यासाला मुभा दिल्याचे इतिहासकार नोंदवतात. पुढे मे १९७४ मध्ये पोखरणला जी चाचणी झाली, तिच्यासाठी लागलेले प्लुटोनियम ‘सायरस’मधून आले होते. शांततामय वापरासाठी दिलेल्या मदतीचा असा उपयोग झाल्याने कॅनडाने सहकार्य थांबवले. अमेरिकेनेही कायदा बदलून तारापूरच्या इंधनाची कोंडी केली. तिथले काम चालू ठेवण्यासाठी १९८० च्या दशकात फ्रान्सकडून इंधन घ्यावे लागले.

माँ ब्लाँवरील अपघात

२४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ विमान जिनिव्हाजवळ आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले. विमानातील सर्व ११७ जण मृत्युमुखी पडले. व्हिएन्नातील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी निघालेले भाभा त्यांत होते. वय होते ५६. तेरा दिवस आधी ताश्कंदला शास्त्रींचे निधन झाले होते आणि अपघाताच्याच दिवशी दिल्लीत इंदिरा गांधींचा शपथविधी झाला. भाभांच्या मृत्यूमागे घातपात असल्याच्या चर्चा समाजमाध्यमांवर आजही फिरतात. त्यांना दुजोरा देणारा पुरावा समोर आलेला नाही. चौकशीत वैमानिकाला पर्वताच्या तुलनेत आपल्या स्थानाचा चुकीचा अंदाज आल्याचे कारण पुढे आले.

साराभाई यांनी अणुऊर्जा आयोगाची सूत्रे हाती घेतली. जानेवारी १९६७ मध्ये ट्रॉम्बेच्या केंद्राला भाभा अणुसंशोधन केंद्र असे नाव देण्यात आले.

अंदाज का चुकले?

१९८७ पर्यंत देशात २० ते २५ हजार मेगावॅट अणुवीज क्षमता असेल, असा अंदाज भाभांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडला होता. ते वर्ष उजाडले तेव्हा प्रत्यक्षातील क्षमता त्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी होती. जिनिव्हाच्या परिषदेत, अणुसंमीलनापासून नियंत्रित ऊर्जा मिळवण्याचा मार्ग दोन दशकांत सापडेल, असेही त्यांनी सांगितले होते. सात दशकांनंतरही ते साधलेले नाही.

याची काही कारणे त्यांच्या हाताबाहेरची होती. १९७४ नंतरच्या निर्बंधांमुळे प्रत्येक झडप, पंप आणि उपकरण देशात घडवावे लागले. जड पाण्याचे कारखाने रखडले. देशातील युरेनियम अपुरे पडले आणि २००८ मध्ये अणुपुरवठादार देशांनी सवलत देईपर्यंत आयातीचा मार्ग जवळपास बंदच होता. काही कारणे मात्र आखणीतच होती. उद्योगांची तयारी, बांधकामाचा वेळ आणि भांडवलाचा खर्च यांचे अंदाज आशावादी होते. शांततामय आणि लष्करी उपयोगाची दारे एकाच वेळी उघडी ठेवण्याची किंमत विजेच्या कार्यक्रमाने चुकवली. बंद दाराआड काम करण्याच्या सवयीमुळे चुका लवकर चव्हाट्यावर आल्या नाहीत आणि लोकांचा विश्वासही कमी झाला. तारापूरच्या विस्तारात अक्करपट्टी आणि पोफरणच्या ग्रामस्थांना विस्थापित व्हावे लागले. जैतापूरच्या आंदोलनात २०११ मध्ये पोलीस गोळीबारात एकाचा जीव गेला. दोन्हीकडे पुनर्वसन आणि सुरक्षेबद्दलचे प्रश्न तंत्रज्ञानाइतकेच महत्त्वाचे ठरले.

आज या गणिताचे काय?

२०२५ मध्ये देशाची अणुवीज क्षमता नऊ हजार मेगावॅटच्या आत होती आणि एकूण वीजनिर्मितीत तिचा वाटा सुमारे तीन टक्के. त्याच वर्षाच्या सुरुवातीला सौरऊर्जेची स्थापित क्षमता एक लाख मेगावॅटच्या पुढे गेली. आकड्यांची ही शर्यत कोसंबींच्या बाजूने झुकलेली दिसते.

मात्र तुलना इथे संपत नाही. सौर पॅनेल वर्षभराच्या सरासरीत आपल्या क्षमतेच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास वीज देतात. अणुवीज केंद्र दिवसरात्र, पावसाळ्यातही चालते. सूर्य मावळल्यावरची मागणी आज प्रामुख्याने कोळसाच भागवतो. साठवणुकीच्या बॅटऱ्या स्वस्त होत असल्या, तरी सलग ढगाळ दिवसांसाठी त्या पुरेशा नाहीत. कोळसा कमी करायचा, तर अखंड चालणारा दुसरा कोणता तरी स्रोत हवा, हा अणुविजेचा आजचा युक्तिवाद आहे. भाभांनी कोळशाच्या टंचाईतून मांडलेला मुद्दा आता कोळशाच्या प्रदूषणातून पुन्हा पुढे आला आहे.

तीन टप्प्यांपैकी पहिला आता स्थिरावला आहे. गुजरातमधील काक्रापार येथे देशी बनावटीच्या ७०० मेगावॅटच्या जड पाण्याच्या अणुभट्ट्या वीज देऊ लागल्या आहेत. दुसऱ्या टप्प्यातील ५०० मेगावॅटच्या जलद प्रजनक अणुभट्टीचे काम तमिळनाडूतील कल्पाक्कममध्ये २००४ मध्ये सुरू झाले आणि तिच्या गाभ्याची भरणी सुरू व्हायला २०२४ चा मार्च उजाडला. थोरियमचा तिसरा टप्पा अजून प्रयोगांच्या पातळीवरच आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारने छोट्या अणुभट्ट्यांच्या संशोधनासाठी २० हजार कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली. १०० गिगावॅटचे उद्दिष्ट गाठायचे तर दोन दशकांत आजच्या दहापटीहून अधिक क्षमता उभारावी लागेल. मोठा आकडा जाहीर करताना भाभांचा १९८७ चा अंदाज समोर ठेवलेला बरा. कारण कोणत्याही अणुभट्टीचा वेग शेवटी पोलाद, जड पाणी, भांडवल, जमीन आणि परिसरातील लोकांची संमती यांवर ठरतो.

१९४४ च्या पत्रात मेगावॅटचा एकही आकडा नव्हता. वीज तयार करण्याची वेळ येईल तेव्हा तज्ज्ञ घरचे असतील, एवढेच आश्वासन होते. ते पूर्ण झाले. निर्बंधांच्या तीन दशकांत देशाच्या अणुभट्ट्या बांधल्या आणि चालवल्या त्या याच माणसांनी. नंतर दिलेली विजेची आश्वासने मात्र अद्याप बाकी आहेत.